नहलालचं दप्तर बघून या : इस्रायलला निघालेल्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
इस्रायलच्या अभ्यास दौऱ्यावर जाऊन आलेले, जाणार असलेले आणि यादीत नाव लागावं म्हणून खटपट करणारे सर्व अध्यक्ष, उपाध्यक्ष व संचालक,
सहकारी साखर कारखाने, दूध संघ, खरेदी-विक्री संघ आणि विकास सोसायट्या, महाराष्ट्र राज्य.

स. न. वि. वि.

तुमच्या दौऱ्यांना माझा विरोध नाही, हे आधी सांगून टाकतो. ज्याच्या हाती हजारो सभासदांची संस्था आहे त्याने चार देश बघावेत, आणि संस्थेच्या पैशाने बघितले तरी एक वेळ चालेल. माझी हरकत आहे ती परत आल्यावरच्या भाषणाला. वर्षानुवर्षं आम्ही तेच भाषण ऐकतोय. वाळवंट, नावाला पाऊस, प्रत्येक रोपाच्या बुडाशी नळी, संगणकावर चालणारा गोठा, आणि शेवटी समोर बसलेल्या आमच्याकडे बोट: त्यांना जमतं, मग तुम्हाला का जमत नाही? टाळ्या होतात, शाल-नारळ होतो आणि सभा नफावाटणीच्या विषयाकडे वळते.

तुम्ही तिथली नळी बघून येता. ती नळी ज्यांनी केली त्यांची संस्था बघत नाही. पाणी अभियंता सिम्खा ब्लास याची ठिबकची कल्पना घेऊन 1965 साली नेताफिम ही कंपनी काढली ती नेगेवच्या वाळवंटातल्या हात्झेरीम नावाच्या किब्बुत्झने. म्हणजे सगळ्यांची कमाई एका पेटीत आणि सगळ्यांचं जेवण एका भोजनगृहात असलेल्या वस्तीने. आपल्या भाषेत, सोसायटीचा कारखाना. हे तुमच्या एकाही भाषणात आलेलं मला आठवत नाही. तुम्ही सहकारातली माणसं, आणि सहकारच तुमच्या नजरेतून सुटतो.

म्हणून एक विनंती. तिथली परिस्थिती निवळली की दौरे पुन्हा निघतीलच. त्या वेळी कार्यक्रमातला खरेदीचा एक दिवस कमी करा आणि तो नहलालला द्या. हैफा आणि नासरेथ यांच्या मधे, यिझ्रएल खोऱ्यात हे गाव आहे. तिथे बघण्यासारखं यंत्र बहुधा काही नाही. तिथे बघायचं आहे ते गाव वसवताना ठरवलेले नियम, आणि त्या नियमांचं पुढच्या शंभर वर्षांत काय झालं ते.

11 सप्टेंबर 1921 रोजी काही माणसं त्या खोऱ्यातल्या एका टेकडीवर तंबू घेऊन चढली. दोन्ही बाजूंना दलदल, त्यात मलेरिया. बायका-मुलांना सुरुवातीला नासरेथमध्ये ठेवावं लागलं. ही मंडळी बहुतेक रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू स्थलांतरित. पिढीजात शेतकरी त्यांत जवळजवळ कुणीच नव्हतं, कारण रशियात ज्यूंना जमीन घेण्यावर आणि राहण्याच्या जागेवरही बंधनं होती. दुकानदारांची, शिक्षकांची, धर्मपंडितांची मुलं. औत कसं धरायचं ते त्यांनी पॅलेस्टाइनमध्ये आल्यावर मजुरी करता करता शिकून घेतलं. काही जण देगान्याहून आले होते. गालील सरोवराकाठी 1910 साली दहा पुरुष आणि दोन बायकांनी सुरू केलेली ती पहिली सामुदायिक वस्ती. देगान्याहून आलेल्यांत श्मुएल दायान होते. त्यांचा मुलगा मोशे, पुढे एका डोळ्यावर पट्टी बांधणारा सेनापती म्हणून जगाला माहीत झाला तो, नहलालमध्येच वाढला.

देगान्या सोडून ही माणसं का निघाली, इथे तुम्ही जरा थांबावं असं मला वाटतं. भांडण पैशाचं नव्हतं. सगळं सामाईक असण्याचं ओझं काहींना झेपेना. चूल सामाईक, कपडे सामाईक, मुलं सांभाळायची ती सामाईक, आणि उद्या सकाळी मी गोठ्यात जायचं की बागेत हेसुद्धा बैठकीत ठरणार. एलिएझर याफे नावाचा एक माणूस होता. मूळचा बेसाराबियाचा, काही वर्षं अमेरिकेत राहून शेती शिकून आलेला. त्याने 1919 साली एक पुस्तिका काढली आणि तिसरा रस्ता मांडला. एका टोकाला जुन्या ज्यू वसाहती होत्या. तिथे मालक ज्यू आणि राबणारा बहुतेक मजूर अरब, पाठीशी पॅरिसच्या धनाढ्य बॅरन रॉथशील्डचा पैसा. दुसऱ्या टोकाला किब्बुत्झ. याफे म्हणाला, घर प्रत्येक कुटुंबाचं वेगळं असू द्या, शेत वेगळं, गाय वेगळी, हिशेब वेगळा. पण खरेदी आणि विक्री गावाने एकत्र करायची आणि अडचणीत सगळ्यांनी एकमेकांना धरायचं. चूल घरची, बाजार गावाचा. या पद्धतीच्या गावाला मोशाव म्हणतात आणि नहलाल हा पहिला मोशाव.

पुस्तिका निघाली 1919 ला आणि तंबू लागले 1921 ला, हा क्रम बघा. नियम आधी, गाव नंतर. आपल्याकडे संस्था आधी नोंदवतात, उपविधी छापील मिळतात आणि ते सभासदाने वाचायचे असतात हे सभासदाला निवडणुकीत अर्ज बाद झाल्यावर कळतं.

नियम मोजके होते, पण पाळायला कठीण. जमीन कुणा कुटुंबाच्या मालकीची नाही. ती 1901 साली स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीची, म्हणजे ज्यू वस्त्यांसाठी जमीन विकत घेणाऱ्या संस्थेची. कुटुंबाला ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळणार. विकता येणार नाही, तुकडे करता येणार नाहीत. बापामागे एकच वारस शेत पुढे चालवणार. बाकीच्यांनी दुसरी वाट धरायची. यात भांडणं होत नाहीत असं समजू नका, वारसाहक्काचे खटले तिथल्या कोर्टांतही चालतात. पण शेत मोडत नाही. आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे आणि महाराष्ट्रातली सरासरी धारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती ती 2015-16 च्या कृषी गणनेत 1.34 हेक्टरवर आली. कायदा कागदावर आहे आणि बांध दर पिढीला नवा पडतो. जमीन राष्ट्राची करा असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर मलाच गावात कुणी उभं करणार नाही. सातबाऱ्यावर नाव असण्याचा अर्थ ज्याच्या आजाने कूळ म्हणून दिवस काढले त्याला विचारावा. एवढंच म्हणतो की त्यांनी हा प्रश्न पहिल्या दिवशी टेबलावर घेतला. आपण तो तलाठ्याच्या टेबलावर सोडून दिला.

गावाची आखणी रिचर्ड काउफमान या जर्मनीहून आलेल्या वास्तुविशारदाने केली. विमानातून घेतलेले फोटो तुम्ही पाहिले असतील: बैलगाडीच्या चाकासारखं गाव. मधोमध शाळा, कचेरी, भांडार, सभागृह. त्याभोवती शिक्षक, कारागीर अशा शेती न करणाऱ्यांची घरं. बाहेरच्या कड्यावर शेतकऱ्यांची घरं, त्यामागे गोठा आणि त्यामागे पसरत गेलेलं शेत. ही नुसती शोभा नव्हती. मधल्या कचेरीपासून प्रत्येकाचं घर सारख्याच अंतरावर यावं हा हिशेब त्यात होता. तिथे पाटलाची आळी पडू नये, अशी ती आखणी. सुरुवातीला 80 कुटुंबं आणि प्रत्येकी सुमारे 100 दुनम, म्हणजे आपले 25 एकरांच्या आसपास.

25 एकरच का? कारण पुढचा नियम: शेतात घरच्यांनीच राबायचं, मजूर लावायचा नाही. कृषितज्ज्ञ यित्झाक विल्कान्स्की यांनी मिश्र शेतीचा आग्रह धरला होता. नुसता गहू लावला तर दोन महिने मरणाचं काम आणि उरलेलं वर्ष हात रिकामे, मग सुगीला मजूर आणावाच लागतो. त्यापेक्षा थोडं धान्य, थोडा चारा, गाई, कोंबड्या, भाजीपाला असं ठेवलं तर काम बाराही महिने सारखं पसरतं आणि नवरा-बायकोला ते आवरतं. आवरतं हे कागदावर. प्रत्यक्षात त्या बाईला घर, मूल, गोठा आणि कोंबड्या असं चारही बाजूंनी ओढलं गेलं. किब्बुत्झमध्ये निदान स्वयंपाक सामाईक होता. मुलींना शेती रीतसर शिकवायला हवी म्हणून हाना माइझेल या बाईंनी नहलालमध्ये शाळा उभी केली, ती या गावाची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातल्या प्रदेशात हवाई छत्रीने उतरलेली आणि पकडली जाऊन मारली गेलेली हाना सेनेश याच शाळेत शिकलेली.

मजूर न लावण्याच्या नियमावर मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत. दोन्ही तुम्हाला आवडणार नाहीत.

एक. आपल्या सहकारी साखर कारखान्याचा ऊस कोण तोडतो? बीडहून, अहिल्यानगरच्या पाथर्डीकडून उचल घेऊन आलेला कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, ही आपली मोजणी. त्या कोयत्याला कारखान्यात शेअर नाही, मत नाही, सभेला निमंत्रण नाही. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला तो शेतकऱ्याची लूट थांबवायला, आणि ती बऱ्याच अंशी थांबलीही. पण सहकार कुणाचा, हा प्रश्न याफेने मजुरापासून सुरू केला आणि आपण शेतमालकापासून सुरू केला. हा फरक तुम्ही तिथे गेल्याशिवाय जाणवणार नसेल तर अवश्य जा.

दोन. हाच नियम दुसऱ्या बाजूने कसा दिसतो तेही बघून या. यिझ्रएल खोऱ्यातली जमीन विकत घेतली गेली ती बैरुतमधल्या सुर्सोक कुटुंबाकडून. येहोशुआ हँकिन या दलालाने वर्षानुवर्षं वाटाघाटी करून ते व्यवहार जमवले. कागदोपत्री सगळं कायदेशीर. मालक बैरुतला, कसणारी अरब कुळं खोऱ्यात. मालकाने विकलं आणि कुळं उठली. काहींना थोडी भरपाई मिळाली, जमीन गेलीच. ज्याच्या घरात कुळकायद्याने, 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने जमीन आली त्या कुणाही मराठी माणसाला यातलं दुखणं समजावून सांगावं लागू नये. आपल्याकडे कसेल त्याची जमीन झाली. तिथे विकत घेईल त्याची झाली आणि घेणाऱ्याने स्वतः कसायची शपथ घेतली. मग स्वतः राबायचं याचा अर्थ अरब मजुरालाही काम नाही असा झाला, आणि राष्ट्रीय निधीच्या पट्ट्यांतच ज्यू मजुरांखेरीज कुणाला लावू नये अशी अट आली. 1930 साली ब्रिटिश सरकारच्या वतीने चौकशी करणाऱ्या जॉन होप सिम्पसन यांनी आपल्या अहवालात या अटीवर नेमकं बोट ठेवलं. हे गृहस्थ आधी हिंदुस्थानात सनदी सेवेत होते, जमीन आणि कूळ म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नव्हतं. नहलालच्या शेजारी मालूल नावाचं अरब गाव होतं. 1948 च्या जुलैमध्ये ते उठलं आणि पुन्हा वसलं नाही. तुमचा मार्गदर्शक तिथे गाडी थांबवणार नाही. तुम्ही थांबवायला सांगा.

हे सगळं सांगून नहलालचं कौतुक मी मागे घेतोय असं नाही. घामाने दलदल उपसणारी माणसं खरी होती आणि उठलेली कुळंही खरी होती. अभ्यास दौरा म्हणतात तर दोन्ही अभ्यासक्रमात हवीत.

आता दप्तराकडे येऊ, कारण तुमचं-आमचं खरं नातं तिथे आहे. मोशावच्या गावसंस्थेची पद्धत अशी. प्रत्येक घराचं दूध, अंडी, भाजी गावसंस्थेकडे जमा. संस्था ती तनूवाला घालणार. तनूवा म्हणजे 1926 साली निघालेला त्यांचा विक्री संघ, त्याच्या उभारणीतही याफेच पुढे होता. पैसे येणार ते घराच्या खात्यावर. त्यातून पेंड, बियाणं, पाणी, कर्जाचा हप्ता, शाळेचा आणि दवाखान्याचा वाटा कापला जाणार आणि उरलेलं घरी. बिलातून कपात, हे आपल्याला काही नवं नाही. एखादा व्यापारी चार पैसे जास्त देतो म्हणून दूध बाहेर घालण्याचा मोहही नवा नाही. नवं आहे ते एवढंच की 80 घरांच्या गावात कोण बाहेर घालतो ते संध्याकाळपर्यंत कळायचं आणि त्याच्याशी बोलायला शेजारी यायचा, संस्थेची नोटीस नाही. आजारी पडलेल्याच्या गाईंच्या धारा शेजाऱ्यांनी काढायच्या, त्याचं शेत पेरून द्यायचं, हे उपकार म्हणून नव्हे तर नियम म्हणून. सर्वसाधारण सभा सगळ्यांवर. तिने निवडलेली समिती सभेला उत्तर देणार.

तुम्ही म्हणाल, वीस हजार सभासदांच्या कारखान्यात हे कसं व्हायचं? होणार नाही. मीही तसं म्हणत नाही. आकाराचा प्रश्न खरा आहे. पण विकास सोसायटी तर गावाच्या आकाराचीच आहे ना? तिथे काय चालतं? मार्चअखेरला जुनं-नवं करून, म्हणजे जुनं कर्ज फेडल्याचं दाखवून लगेच नवं उचलून, खातं सरळ करायचं, पाच वर्षांनी पॅनेल उभं करायचं, आणि सचिवाने रजिस्टर काखेत घेऊन तालुक्याला जायचं. गावात बी-खताची एकत्र खरेदी करणाऱ्या सोसायट्या बोटावर मोजाव्या लागतील. आहेत, त्यांना माझा नमस्कार आहे.

आणखी एक गैरसमज दूर करतो. ती माणसं सरकारच्या मदतीशिवाय उभी राहिली असं तुम्ही सांगता. तेव्हा त्यांचं सरकारच नव्हतं, अंमल ब्रिटिशांचा होता, हे खरं. पण पैसा बाहेरून आला होता. जमीन निधीची, वसाहतीसाठीचं भांडवल 1920 साली निघालेल्या केरेन हायेसोद या फंडाचं, आणि त्या फंडात जगभरच्या ज्यूंनी वर्गणी टाकलेली. तेव्हा अनुदानावर नाक मुरडणारं भाषण करायचं असेल तर नहलालचा दाखला देऊ नका. त्यांना अनुदान होतं. शिवाय त्यांचे नियमही होते, आणि ते अनुदान देणाऱ्याने लिहिलेले नव्हते.

हा मुद्दा 1948 नंतर उघडा पडला. राज्य स्थापन झालं आणि येमेन, इराक, मोरोक्को, युरोपातल्या छावण्या अशा सगळीकडून लाखो माणसं आली. त्यांना कुठे ठेवायचं? मोशाव हा साचा तयार होता. सरकारने आणि स्थलांतरितांना वसवण्याचं काम करणाऱ्या ज्यू एजन्सी या संस्थेने भराभर मोशाव वसवले. 1954 पासून तर बोटीवरून उतरलेल्याला थेट गावात नेण्याची योजना आली. माणसाला रात्री ट्रकमधून उतरवायचं, हे घर, हे शेत, हा मार्गदर्शक, उद्यापासून तू सहकारी शेतकरी. नहलालची माणसं भांडून, विचार करून, आधीची वस्ती सोडून या पद्धतीकडे आली होती. यांना कुणी विचारलंच नव्हतं. कित्येक गावांत एकाच मोठ्या कुटुंबाची सगळी समिती झाली, मार्गदर्शकच कारभारी होऊन बसला, किंवा अर्धी घरं ओस पडली. काही ठिकाणी दहा-पंधरा वर्षांत गाडी रुळावर आली, काही ठिकाणी नाही.

यात आपल्या देशातली माणसंही होती. कोचीचे ज्यू. केरळातून गेलेल्या या लोकांना बेर-शेव्याजवळच्या नेवातीममध्ये 1954 साली वसवलं. त्याआधी तिथे इतरांनी वस्ती करून सोडून दिली होती. मसाल्यांच्या व्यापारात आणि किरकोळ दुकानदारीत गेलेली माणसं नेगेवच्या धुळीत शेतकरी झाली आणि पुढे हरितगृहांत फुलं पिकवू लागली. आपल्या कोकणातले बेने इस्रायल मात्र बहुतांशी दिमोना, बेर-शेवा, लोद, अश्दोद अशा शहरांतच गेले, तेव्हा नेवातीममध्ये तुम्हाला मराठी ऐकू येणार नाही. तरी जा. पाट्या लावून वसवलेलं गाव सहकारी कसं होतं, याचं उत्तर नहलालपेक्षा तिथे जास्त मिळेल, आणि आपल्या बहुतेक संस्था नहलालसारख्या नाही तर नेवातीमसारख्या जन्मल्या आहेत.

आता पडझड. ती तुमच्या भाषणात कधीच नसते.

1970 च्या दशकाअखेर इस्रायलमध्ये महागाई सुटली. 1984 मध्ये ती वर्षाला 400 टक्क्यांच्या वर गेली. महागाई धावत असते तेव्हा कर्ज काढणारा शहाणा ठरतो, कारण फेडताना पैसा हलका झालेला असतो. मोशावांनी विभागीय खरेदी संघांमार्फत भरपूर कर्ज उचललं. गोठे, हरितगृहं, काही ठिकाणी शेतीशी संबंध नसलेले उद्योगही. मग जुलै 1985 मध्ये सरकारने स्थिरीकरणाची योजना आणली, महागाई एकदम खाली आली, आणि व्याजाचे दर मात्र चढेच राहिले. संघ कोसळले. संघांना गावं जामीन, गावाला प्रत्येक घर जामीन. एकमेकांना धरायचं हा 1921 चा नियम बँकेच्या हातात पडला. ज्याने एक शेकेल जास्तीचा उचलला नव्हता त्याच्याही दारात शेजाऱ्याचं कर्ज येऊन उभं राहिलं. पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही करून बसलेला माणूस आपल्याकडे प्रत्येक गावात आहे, त्याला हे वाक्य वाचून दाखवा. शेवटी 1992 साली खास कायदा करावा लागला, गाल कायदा म्हणून तो ओळखला जातो, आणि त्यातून कर्जांची फेररचना आणि काही माफी झाली. ती प्रकरणं मिटायला बरीच वर्षं गेली. पण शेजाऱ्यावरचा विश्वास ज्या गावांत मेला तिथे तो कायद्याने परत आला नाही. एकत्र विक्री सुटली, ज्याने त्याने आपला व्यापारी धरला.

माझ्या मते चूक परस्पर हमीच्या नियमात नव्हती. 80 घरांनी एकमेकांच्या गाईंच्या धारा काढण्याची हमी एक, आणि ज्याचा चेहरा पाहिलेला नाही अशा विभागीय संघाच्या संचालकाने काढलेल्या कर्जाची हमी दुसरी. दोन्हीला नाव एकच राहिलं आणि सभेने हात वर करून मंजुरी दिली. आपल्या वार्षिक सभेत "कर्ज उभारणीचे अधिकार संचालक मंडळास देणे" हा विषय किती मिनिटांत मंजूर होतो?

तनूवाचं पुढे काय झालं तेही सांगतो. 2008 मध्ये तिचा मोठा हिस्सा अपॅक्स या खासगी गुंतवणूक कंपनीकडे गेला आणि तिच्याकडून 2014-15 च्या सुमारास चीनच्या ब्राइट फूडकडे. याफेने उभा केलेला दूध संघ. विकला तो सभासद किब्बुत्झांनी आणि मोशावांनीच, आणि विकताना त्यांच्या डोक्यावरचं कर्ज हलकं झालं. नेताफिमचाही मोठा हिस्सा 2017 च्या करारानुसार मेक्सिकोच्या कंपनीने घेतला, हात्झेरीमकडे थोडा उरला. आजारी पडलेले सहकारी कारखाने कवडीमोलाने खासगी झालेले आपण पाहिलेत, कुणी घेतले तेही पाहिलंय. तेव्हा तिथे विचारायचा प्रश्न असा: विकताना सभासदाला काय मिळालं, आणि किंमत कुणी ठरवली? त्यांच्याकडे निदान सभासदाच्या हातात काही आलं. आपल्याकडे कित्येक ठिकाणी शेअरचं प्रमाणपत्र तेवढं भिंतीवर राहिलं.

आणि मजुराचा नियम? तोही गेला. 1967 नंतर पॅलेस्टिनी मजूर आले, 1990 च्या आसपासपासून थायलंडचे. आज मोशावच्या हरितगृहात तुम्हाला दिसणारे हात बहुधा थाई असतील. तुमच्या फोटोंत ते मागे उभे असतात. मोशाव आजही चारशेच्या वर आहेत, पण त्यातल्या कित्येकांत शेती करणारी घरं थोडी आणि शहरात नोकरीला जाणारी जास्त. नहलालचं चाक मात्र फोटोत अजून तसंच दिसतं.

माझी मागणी फार मोठी नाही. पुढच्या दौऱ्याच्या यादीत एक साधा सभासद घ्या, निवडणुकीत विरोधी पॅनेलमध्ये असलेला असला तर उत्तम, आणि एका विकास सोसायटीचा सचिव घ्या. संचालकांच्या सोयऱ्यांना पुढच्या खेपेला नेता येईल. नहलालच्या कचेरीत गेलात तर पहिल्या वर्षांतली सभेची इतिवृत्तं मागा. ती हिब्रूत असतील, दुभाष्याला वाचायला लावा. कशावर भांडले, कुणाला काढलं, कुणाला माफ केलं ते लिहून घ्या. एखाद्या म्हाताऱ्या सभासदाला 1985 बद्दल विचारा आणि तो बोलत असताना घड्याळाकडे बघू नका.

परत आल्यावर भाषण नको. चार पानांचा अहवाल लिहा आणि तो वार्षिक सभेच्या नोटिशीसोबत घरोघर पाठवा, म्हणजे आम्ही वाचून येऊ. त्यात कर्ज उभारणीच्या अधिकारावर मर्यादा घालणारी उपविधी दुरुस्ती सुचवलेली असेल तर तिला अनुमोदन द्यायला मी उभा राहीन. ऊसतोड कामगारांना संस्थेत काही स्थान देण्याचा विषय असेल तरीही उभा राहीन, त्यावर गोंधळ होणार हे धरून. आणि दौऱ्याचा खर्च या वेळी स्वतंत्र रकान्यात दाखवा. मागच्या अहवालात तो शोधायला मला बराच वेळ लागला. "इतर किरकोळ खर्च" मध्ये होता.

आपला,
एक अ-वर्ग सभासद